जुन्या खेळांची नवी रूपे आणि स्वामित्वहक्काचा कायदा

प्रस्तावना

जुना खेळ घेऊन त्याला नवे रूप देण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. मोगल दरबारात रुळलेल्या गंजिफाचे आठ रंग व ९६ पाने होती. पुढे त्यावरूनच दशावताराची दहा रंगांची १२० पाने तयार झाली आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती जपली. हा बदल करताना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. आज मात्र छापील खेळाला हात लावताना कायद्याचा विचार करावा लागतो.

‘भूमिका-खेळ’ हा असाच एक छापील खेळ. टेबलाभोवती बसून एक जण कथा चालवतो, बाकीचे त्यातील पात्रे होतात आणि फाशावर पुढची घटना ठरते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला व तेथून हा प्रकार जगभर पसरला. त्या काळातील अनेक पुस्तके पुढे छापली जाईनाशी झाली. तेव्हा खेळाचे चाहतेच जुने नियम दुरुस्त करून, नव्या भाषेत मांडून वाटू लागले. मराठी, गुजराती, हिंदी व उर्दू बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात अशा सिल्वासासारख्या ठिकाणी संभाषणाच्या तासाला असा खेळ उपयोगी पडू शकतो. तो मराठीत वा उर्दूत आणू पाहणाऱ्या शिक्षकाला कोणते स्वातंत्र्य आहे व कोणते नाही, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

नियम मोकळे, मांडणी राखीव

कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो कल्पनेच्या मांडणीवर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. खेळाच्या बाबतीत २००८ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय बोलका आहे. कोलकात्याच्या रजत व जयंत अगरवाला या बंधूंनी ‘स्क्रॅबल’वरून ‘स्क्रॅब्युलस’ हा संगणकीय खेळ तयार केला. त्यावर मॅटेल कंपनी न्यायालयात गेली. खेळाचा पट व नियम मांडण्याचे मार्गच मोजके असल्याने त्यांवरील स्वामित्वहक्काचा दावा न्यायालयाने अंतरिम टप्प्यावर मान्य केला नाही. परंतु नाव मूळ व्यापारचिन्हाशी फसवे साम्य राखणारे असल्याने ते वापरण्यास मनाई केली. म्हणजे खेळ राहिला, नाव गेले.

भूमिका-खेळात मात्र नियमांखेरीज कथा, पात्रे, नकाशे व चित्रे असतात आणि तेथे मोकळीक कमी होते. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या २००३ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तपशिलाने विकसित केलेल्या कथासंकल्पनेला संरक्षण दिले होते. सिल्वासाचे जिल्हा न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारकक्षेत येत असल्याने हा निर्णय येथेही महत्त्वाचा ठरतो. खुद्द ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’लाही ही मर्यादा पाळावी लागली. टोल्किनच्या साहित्याच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर त्यातील ‘हॉबिट’ हा शब्द जाऊन ‘हाफलिंग’ आला.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की जुने पुस्तक दुकानात मिळत नसेल तर ते सर्वांचे झाले. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क तेथील कायद्यानुसार ९५ वर्षे, म्हणजे २०६९ अखेरपर्यंत राहतो. छपाई थांबल्याने हक्क संपत नाही.

दुसरा, भाषांतर केले की मजकूर आपला होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार भाषांतर व रूपांतर करण्याचा अधिकारही मूळ हक्कधारकाकडेच असतो.

तिसरा, पैसे घेतले नाहीत तर दोष नाही. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व दंड सांगितला आहे. नफ्याचा हेतू नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण कृत्य निर्दोष ठरत नाही.

शिक्षकांना असलेली मुभा

कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत काढणे हे उल्लंघन नाही. दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या तरतुदीचा उदार अर्थ लावला. मात्र वर्गातील वापर वेगळा आणि सुधारित आवृत्ती छापून बाहेर वाटणे वेगळे. ही मुभा वर्गाच्या उंबरठ्यापर्यंतच धरून चालणे शहाणपणाचे आहे.

परवानगीचा मार्ग

काही हक्कधारकांनी स्वतःच दार उघडले आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने २००० साली नियमांचा एक भाग खुल्या परवान्याखाली दिला. त्याच आधारावर २००६ साली ‘ऑसरिक’ या नावाने जुने नियम चाहत्यांनी स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिले. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले केले. श्रेय दिल्यास त्यांचे भाषांतरही करता येते. मराठी वा उर्दू रूपांतरासाठी आज हाच सर्वांत निर्धोक पाया आहे.

समारोप

खेळाचे नवे रूप करताना प्रत्येक घटक वेगळा तपासावा. नियम आपल्या शब्दांत लिहावेत. कथा, पात्रे व चित्रे आपली असावीत आणि नाव नवे ठेवावे. मूळ मजकूर हवाच असल्यास लेखी परवानगी घ्यावी. खुला परवाना असल्यास त्याच्या अटी पाळून श्रेय छापावे. कायद्याच्या भीतीने विद्यार्थ्यांचा असा उपक्रम बंद पाडणे जितके नुकसानीचे, तितकेच दुसऱ्याचे श्रम आपले म्हणून वापरण्याची सवय त्यांना लावणे. दुसऱ्याची पाने बाजूला ठेवून स्वतःची कथा रचायला विद्यार्थी शिकले, तर कायदा पाळला जातो आणि भाषेचा तासही सार्थकी लागतो.