रुंद रिम आली, आता टायर कोणता?

सकाळी ८.३०

दुकान उघडलं की पहिलं काम कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडण्याचं. पुण्याच्या पावसाळ्यात ते रातोरात साचतं आणि हवेबरोबर टायरमध्ये गेलं तर हवेचा दाब मोजणारे सेन्सरवाले व्हॉल्व्ह आतून गंजतात. आमच्या जुन्या फिटरना सगळे मामा म्हणतात. ते तोवर अलाईनमेंटच्या रॅकवरचा चिखल पुसून घेतात. त्यानंतर ऑफिसच्या वाटेवरची पंक्चरं आणि हवा. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

१०.००

मस्टँग आली. फोर्डने २०१६ मध्ये भारतात आणलेली जीटी, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन. तिच्यामागून टेंपोत चार खोकी. मालकांनी रिम आधीच घेतल्या होत्या : पुढच्या १० इंच रुंद, मागच्या ११, व्यास मूळचाच १९. आधी रिम आणि मग टायरची चौकशी, हा उलटा क्रम आता नेहमीचाच झाला आहे.

"मागे ३०५/३० टाका," मालक म्हणाले. "चपटा टायर, जबरदस्त दिसतो."

"टाकू की. आधी गाडी रॅकवर घेऊ, मग ठरवू," मी म्हणालो. नाही म्हणायचं असेल तर ते आकड्यांनी म्हणावं, तोंडाने म्हटलं की वाद होतो.

१०.३०

मूळ टायर वाचले. पुढे ९ इंची रिमवर २५५/४० आर १९, मागे साडेनऊ इंचीवर २७५/४० आर १९. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे साइडवॉलची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. सगळा घोटाळा इथेच होतो. २७५ चा ४० टक्के म्हणजे ११० मिमी आणि ३०५ चा ३५ टक्के म्हणजे पावणेएकशेसात. हा दुसरा आकडा, म्हणजे 'सिरीज', खाली आला, तरी रबराची उंची जवळपास तेवढीच राहिली. उलट सिरीज तीच ठेवून नुसती रुंदी वाढवली, तर टायर उंच होतो आणि वर मडगार्डच्या अस्तराला घासतो.

११.००

बिलबुकाच्या पाठीवर हिशेब. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी, त्यात साइडवॉल दोनदा मिळवायची. मूळ पुढचा टायर ६८६.६ भरतो, मागचा ७०२.६. आता मालकांचा लाडका ३०५/३० : ६६५.६. म्हणजे ३७ मिमी कमी, सव्वापाच टक्क्यांहून जास्त फरक. गाडीची मागची बाजू साडेअठरा मिमी खाली बसणार, आणि या गाडीचं पोट आपल्या स्पीडब्रेकरला तसंही टेकतंच. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार. त्याहून वाईट म्हणजे मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान होणार. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांच्या फिरण्याची एकमेकांशी तुलना करत असतात, आणि कंपनीने मागचं चाक सव्वादोन टक्क्यांहून थोडं जास्तच मोठं धरलेलं आहे. ते नातं उलटं केलं की कॉम्प्युटरला चाक घसरल्याचा भास होऊ शकतो.

३०५/३५ घेतला तर ६९६.१. मूळपेक्षा एक टक्काही कमी नाही. पुढे २८५/३५ : ६८२.१, तोही पाऊण टक्क्याच्या आत. पुढचं-मागचं प्रमाणही दोन टक्क्यांवर टिकलं. मला सर्वांत पटलं ते हे, की मूळ गाडीत पुढच्या-मागच्या रुंदीत २० मिमीचा फरक होता आणि इथेही २० च राहतो. फक्त मागचेच टायर रुंद केले, तर वळणावर गाडी तोंड वळवायला कुरकुरते. ताकदीच्या नादात लोक मागचं पाहतात, पण वळवायचं काम पुढच्यांचं असतं.

रिमशी मेळ आहे का? ३५ सिरीजचा २८५ चा टायर साडेनऊ ते ११ इंची रिमवर चालतो, ३०५ चा १० ते साडेअकरा. आपल्या १० आणि ११ या मापांवर दोन्ही टायरांची कड सरळ उभी राहते. शिवाय या पिढीच्या शेल्बी जीटी ३५० ला खुद्द फोर्डने मागे ११ इंची रिमवर ३०५/३५ आर १९ च दिला होता. पुढे मात्र त्यांनी आपल्या २८५ हून रुंद माप बसवलं, पण त्या गाडीचे पुढचे मडगार्डच वेगळे, फुगवलेले आहेत. तिची नक्कल इथे चालणार नाही.

१२.००

टायर न चढवता नुसती रिम लावून पाहिली. मामांनी मडगार्डच्या ओठाला गवंड्याचा ओळंबा टांगला. लेझर वगैरे आहे आमच्याकडे, पण इथे ओळंबाच बरा. पुढच्या मूळ रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, ४५ मिमी, नवीचा ४०. रुंदी धरून हिशेब केला तर नवी रिम आत शॉकअब्सॉर्बरकडे सुमारे ८ मिमी सरकते आणि बाहेर १८. टायरचा फुगवटा दोन-तीन मिमी वेगळा धरायचा. शॉकअब्सॉर्बरला मातीचा गोळा चिकटवून मामांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मग जॅकने चाक वर दाबून पुन्हा फिरवलं. मातीवर ओरखडा नाही. ओळंब्याच्या आत जागा उरली, पण बोटभरच. मागे दोन्ही बाजूंना १९-२० मिमीची भर पडते, तीही सामावली.

मधलं भोक मात्र मोठं निघालं. मस्टँगचा हब ७०.५ मिमीचा. त्यावर रिम नेमकी बसवणारी रिंग खोक्यात नव्हती. ती नसेल तर रिम नुसत्या नटांच्या भरवशावर मध्यावर येते, मग शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि शिव्या बॅलन्सिंगवाल्याला.

१.३०

डबा.

२.३०

वितरकांना फोन. २०२० च्या जूनपासून नवे टायर आयात करायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे कागदावर जमणारं माप बाजारात मिळेलच असं नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला माप सांगण्याआधी फोन करतो. दोन्ही मापं एकाच कंपनीच्या एकाच नक्षीत मिळतील, असं कळलं. पुढे एक कंपनी, मागे दुसरी, हे मी या गाडीला बसवत नाही. लोड इंडेक्स विचारला : पुढे ९९, म्हणजे टायरमागे ७७५ किलो. मागे १०२, म्हणजे ८५०. मूळचे ९६ आणि १०१, तेव्हा कमी पडत नाही. वेगाचं अक्षर वाय, तेही तेच. उत्पादनाचा आठवडा आणि साल फोटो काढून पाठवायला सांगितलं. जुना पडून राहिलेला माल महागड्या मापातच जास्त निघतो.

४.००

एक कॉलेजचा मुलगा छोट्या हॅचबॅकला रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायला आला. परत पाठवला. खड्ड्यात बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी किनार, सुटली तर हवा एका क्षणात जाते.

५.३०

मालक परत आले. बिलबुक पुढे ठेवलं. ३०५/३० चा विषय त्यांनी स्वतःच सोडला.

मग मी कायद्याचं सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. शिवाय रुंद टायर पावसात पाण्यावर लवकर तरंगतो आणि ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत स्टिअरिंग ओढतो. हे गृहस्थ गाडी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर नेतात. म्हणून म्हटलं, हा संच ट्रॅकसाठी ठेवा, रस्त्यावर कंपनीचाच चालवा. ते तयार झाले. सेन्सरचा दुसरा संच, हबच्या रिंगा आणि टायर, तिन्हींची ऑर्डर गेली.

७.३०

मूळ चाकं परत चढवली. नट टॉर्क पान्याने २०४ न्यूटन मीटरला आवळले, गनने नाही.

तुमच्याही मनात रुंद रिम असतील, तर पैसे भरण्याआधी गाडी टायरवाल्याकडे न्या आणि रुंदी, ऑफसेट, हबचं माप त्याच्याकडून लिहून घ्या. खोकं फोडलेली रिम दुकानदार परत घेत नाही.