पेन स्टेटचा रेक हॉल

आमच्या शाळेत व्हॉलीबॉल उघड्यावर चालतो. मातीचे कोर्ट, चुन्याच्या रेघा आणि जाळीच्या दोरीला मारलेल्या गाठी. वारा सुटला की सर्व्हिस कुठे पडेल याचा भरवसा नाही, पाऊस आला की गेम्स पिरियड संपला. त्यामुळे व्हॉलीबॉल हा मुळात छपराखालचा खेळ आहे हे कळले तेव्हा मला नवल वाटले. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी वायएमसीएच्या व्यायामशाळेत विल्यम मॉर्गन या शिक्षकाने तो तयार केला. बास्केटबॉलची धक्काबुक्की न झेपणाऱ्या मोठ्या माणसांना हिवाळ्यात आत बसून काहीतरी खेळता यावे, एवढाच हेतू. बाहेर आपण आणला तो नंतर.

तेव्हा हा खेळ त्याच्या खऱ्या घरी कसा दिसतो हे पाहायचे, तर माझ्या मते पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे 'पेन स्टेट'चा, रेक हॉल पाहावा. पूर्ण नाव रिक्रिएशन हॉल, पण तिकडे तसे कोणी म्हणत नाही. मी तो फक्त सामन्यांच्या व्हिडिओंत पाहिला आहे. लाल विटांची, जुन्या वळणाची इमारत. चार्ल्स क्लाउडर या वास्तुकाराने आखलेली आणि १९२९ च्या जानेवारीत उघडलेली. जवळच दगडात कोरलेला पहाडी सिंह बसलेला आहे. तो विद्यापीठाचे चिन्ह. शिल्पकार हाइन्झ वॉर्नेके, वर्ष १९४२.

रेक हॉलच्या आधीची गोष्ट कॅडेटांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. ज्या कॉलेजांना सरकारी जमिनीचा पैसा मिळेल त्यांनी शेती आणि यंत्रविद्या शिकवायची, आणि सोबत लष्करी डावपेचही शिकवायचे, असे त्यात लिहिले होते. पेन स्टेट हे त्यातले एक कॉलेज. त्यामुळे तिथे विद्यार्थ्यांची ड्रिल होई, आणि ड्रिलसाठी 'आर्मरी' नावाची इमारत होती. खेळांसाठी दुसरे मोठे छप्पर नसल्याने बास्केटबॉलही त्याच आर्मरीत खेळत. म्हणजे परेडचा हॉल तोच खेळाचा हॉल. आपल्याकडे मल्टिपर्पज हॉलमध्ये सकाळी परीक्षा, दुपारी वादविवाद आणि संध्याकाळी टेबल टेनिस चालते, तसेच म्हणा ना! पुढे विद्यार्थी वाढले, आर्मरी अपुरी पडली आणि रेक हॉल बांधला गेला. आर्मरी नंतर १९६४ साली पाडली.

रेक हॉल पहिल्यापासून एकाच खेळाचा नव्हता. बास्केटबॉल, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, नाच, गाण्याचे कार्यक्रम, भाषणे, सगळे तिथेच. १९६५ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग तिथे बोलले. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता आणि हॉल खचाखच भरला होता. आजही मुख्य कोर्टाशिवाय तिथे वजनांची खोली, रॅकेटबॉलची कोर्टे आणि आत पळण्याचा ट्रॅक आहे, आणि संघात नसलेला साधा विद्यार्थीही तिथे व्यायामाला जातो. मला ही गोष्ट सर्वांत आवडली. कुलूप लावून फक्त टीमसाठी ठेवलेला हॉल मला हॉल वाटत नाही.

आता खेळाकडे. कोर्ट सगळीकडे १८ बाय ९ मीटरचेच. जाळी पुरुषांना २.४३ मीटर आणि महिलांना २.२४. छपराखाली फरक पडतो तो उंचीने आणि हवेने. नियमाप्रमाणे कोर्टावर किमान ७ मीटर मोकळी जागा लागते, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२.५ मीटर. चेंडू छताला लागला की आंतरराष्ट्रीय नियमाने बाद. अमेरिकन कॉलेजांत मात्र तो आपल्याच बाजूला परत पडला तर खेळ चालू राहतो. हा नियम जुन्या, ठेंगण्या छपरांची सोय पाहून केला असावा असा माझा अंदाज आहे.

हवेचे गणित आणखी मजेदार. फ्लोटर सर्व्हिस म्हणजे चेंडूला फिरकी न देता तळहाताने मारलेला ठोसा. फिरकी नसल्यामुळे चेंडूच्या दोन्ही बाजूंनी हवा सारखी सुटत नाही आणि तो मध्येच हेलकावतो. उघड्यावर वारा असतो, त्यामुळे हेलकावा वाऱ्याचा की सर्व्हिसचा हे पास घेणाऱ्याला समजत नाही, आणि मारणाऱ्यालाही नाही. बंद हॉलमध्ये वारा नाही. तिथे चेंडू जो काही वळतो तो मारणाऱ्याच्या हातामुळे वळतो, म्हणून तिथे ती सर्व्हिस शिकता येते. आमचा लिफ्टर मात्र म्हणतो की आत दिव्यांमुळे डोळे दिपतात. तेही खरे असेल. लिफ्टरला सतत वर बघावे लागते.

जमीन हाही मोठा भाग. अशा हॉलांत लाकडी फळ्यांखाली थोडी लवचीक रचना असते, त्यामुळे उडी मारून खाली आल्यावर सगळा धक्का गुडघ्यांना बसत नाही, आणि डाइव्ह मारली तर अंग घसरते. आमच्या मैदानावर डाइव्ह मारली की पुढची पायरी एमआय रूम.

रेक हॉलमध्ये सुमारे ६,५०० माणसे बसतात. १९९६ साली विद्यापीठाने ब्राइस जॉर्डन सेंटर हे दुपटीहून मोठे स्टेडियम उघडले आणि बास्केटबॉल तिकडे गेला. व्हॉलीबॉल आणि कुस्ती जुन्या घरीच राहिले. धाकट्या भावंडाच्या वाट्याला मोठ्याचे जुने कपडे यावेत तसे हे वाटेल, पण फायदा त्यांचाच झाला. बाके कोर्टाला इतकी चिकटून आहेत की समोरच्या संघाला आपल्याच कर्णधाराची हाक ऐकू येत नसेल. मोठ्या स्टेडियममध्ये तेवढेच प्रेक्षक विखुरले तर अर्धा हॉल रिकामा दिसतो.

पुरुषांच्या संघाने १९९४ साली राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. ती स्पर्धा १९७० पासून होती, पण तोवर ती पश्चिम किनाऱ्याकडच्या संघांची मिरास होती. दुसरे विजेतेपद २००८ चे.

पण हॉलचे नाव झाले ते मुलींमुळे. १९२९ साली हा हॉल बांधला तेव्हा तो मुख्यतः मुलांसाठीच धरला जाई. मुलींसाठी पुढे तीसच्या दशकाच्या शेवटी वेगळी इमारत झाली. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगी म्हणून कोणालाही वगळायचे नाही, असे तो सांगतो. त्यानंतर कॉलेजांतून मुलींचे संघ भराभर उभे राहिले. १९७९ साली रस रोझ पेन स्टेटच्या मुलींचे प्रशिक्षक झाले आणि २०२१ पर्यंत राहिले. या काळात सात राष्ट्रीय विजेतेपदे आली. २००७ ते २०१० अशी ओळीने चार. २००७ च्या सप्टेंबरमध्ये स्टॅनफर्डकडून हरल्यावर या मुली सलग १०९ सामने जिंकल्या, आणि तीन वर्षांनी ती मालिका तोडली तीही स्टॅनफर्डनेच. २००८ च्या पूर्ण मोसमात त्यांनी ३८ पैकी ३८ सामने जिंकले आणि गमावले फक्त २ सेट. सामने नव्हे, सेट!

आपल्याकडे सर्व सैनिक शाळांत मुली आल्या त्या २०२१ पासून. आमच्या शाळेतही मुलींना संध्याकाळी कोर्ट कोणत्या दिवशी द्यायचे यावर गेम्स कॅप्टन आणि ज्युनियर यांच्यात बरीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे होते की कोर्ट दोनच, सराव आमचा बुडतो. माझे मत वेगळे आहे. कोर्ट कमी आहेत ही अडचण कोर्टांची आहे, मुलींची नाही. सध्या मंगळवार आणि शुक्रवार त्यांचे आहेत, आणि त्यांची अंडरहँड सर्व्हिस आमच्या बी टीमपेक्षा सरळ जाते हे मी मोजून सांगतो.

रोझ यांच्यानंतर पेन स्टेटची सूत्रे केटी शूमाकर-कॉली यांच्याकडे आली. १९९९ साली पेन स्टेटने मुलींचे पहिले विजेतेपद मिळवले त्या संघात त्या खेळाडू होत्या. २०२४ च्या मोसमात त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार चालू ठेवून त्या संघाबरोबर राहिल्या. राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले चार सामने रेक हॉलमध्येच झाले आणि चारही जिंकले. उपांत्य सामन्यात नेब्रास्काविरुद्ध पहिले दोन सेट हरून त्यांनी पुढचे तीन घेतले. २२ डिसेंबरला लुइव्हिल शहरात, लुइव्हिलच्याच संघाविरुद्ध, अंतिम सामना ३–१ असा जिंकला. प्रमुख प्रशिक्षक म्हणून ही सर्वोच्च स्पर्धा जिंकणारी त्यांच्याआधी एकही महिला नव्हती.