'ओह' नंतर स्वल्पविराम की उद्गारचिन्ह? इंग्रजी मेसेजचा सूर ठरवणारी छोटी चिन्हं

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनाची बातमी येते. खाली कुणीतरी लिहितं, 'ओह! सो सॅड!!' लिहिणाऱ्याला खरोखर वाईट वाटलेलं असतं. पण तीन उद्गारचिन्हांमुळे तो मेसेज ओरडल्यासारखा वाटतो. त्याऐवजी 'ओह, आय ॲम सो सॉरी.' एवढंच लिहिलं असतं, तर ते सांत्वन वाटलं असतं.

इंग्रजीत 'ओह', 'वॉव', 'ऊप्स', 'वेल' यांसारखे शब्द आपण दिवसभर टाइप करतो. त्यांच्यापुढे कोणतं चिन्ह द्यायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणूनच हे नियम समजून घेऊ.

इंटरजेक्शन म्हणजे काय?

मराठी व्याकरणात आपण ज्यांना केवलप्रयोगी अव्यय म्हणतो, तेच इंग्रजीतलं इंटरजेक्शन. आपले अरेरे, बापरे, शाब्बास, छे. त्यांचे ओह, आउच, ब्राव्हो, अग. हा शब्द लॅटिनमधून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'मध्येच फेकलेलं' असा आहे. इंटरजेक्शनचं कामही तेच. वाक्यातल्या कर्त्याशी किंवा क्रियापदाशी त्याचं नातं नसतं. ते काढून टाकलं तरी वाक्य पूर्ण राहतं, जाते ती फक्त भावना.

वाक्याशी नातं नसल्यामुळेच ते चिन्हाने वेगळं दाखवावं लागतं. इथे आपली शाळेतली सवय आडवी येते. केवलप्रयोगी अव्यय दिसलं की उद्गारचिन्ह, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गंमत म्हणजे आपली आजची विरामचिन्हं इंग्रजीवरूनच आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून ती मराठीत रुजवली. पण इंग्रजीत इंटरजेक्शननंतर उद्गारचिन्हच हवं, असा नियम नाही. भावना किती तीव्र आहे, त्यावर चिन्ह ठरतं.

कोणतं चिन्ह कधी?

* स्वल्पविराम: भावना सौम्य असेल तर. 'वेल, आय ॲम नॉट शुअर.' 'ओह, आय फरगॉट.' रोजच्या बोलण्यातली बरीच इंटरजेक्शन्स या गटात येतात.
* उद्गारचिन्ह: आनंद, वेदना, धक्का जोरात व्यक्त करायचा असेल तर. 'आउच! दॅट हर्ट.' 'वॉव! वी वन.'
* प्रश्नचिन्ह: इंटरजेक्शनच प्रश्न विचारत असेल तर. 'हं? व्हॉट डिड यू से?' आपण 'आँ?' म्हणतो, तसंच हे.
* पूर्णविराम: थंड, कोरडी किंवा थकलेली प्रतिक्रिया असेल तर. 'ओह. आय सी.' यात नाराजीची छटा येऊ शकते.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. उद्गारचिन्हानंतर नवं वाक्य सुरू होत असेल, तर पहिलं अक्षर कॅपिटल येतं. स्वल्पविरामानंतर वाक्य तेच चालू असतं, म्हणून अक्षर स्मॉल. अपवाद फक्त 'मी' या अर्थाच्या 'आय'चा आणि विशेषनामांचा. इंटरजेक्शन वाक्याच्या मध्ये आलं, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यायचा: 'द फूड वॉज, वेल, डिफरंट.'

स्वल्पविराम विसरला की अर्थ बदलतो

'नो मोर मीटिंग्ज' म्हणजे आता मीटिंग बंद. 'नो, मोर मीटिंग्ज' म्हणजे नाही, अजून मीटिंग हव्यात. 'वेल डन' ही शाबासकी आहे. 'वेल, डन' म्हणजे 'चला, झालं एकदाचं'. बॉसला उत्तर पाठवताना हा फरक महागात पडू शकतो.

सगळीकडे स्वल्पविराम टोचायचाही नसतो. 'ओह माय गॉड' हा एकच उद्गार आहे. तो मध्ये तोडायचा नाही, हवं तर शेवटी चिन्ह द्यायचं.

नावाआधीचा स्वल्पविराम

इंटरजेक्शननंतर कुणाला हाक मारली असेल, तर त्या नावाआधी स्वल्पविराम येतो. म्हणून 'येस, सर', 'थँक्स, मीरा' आणि वाढदिवसाच्या पोस्टवर 'हॅपी बर्थडे, आई!' नियमाने 'हाय, राहुल' हेच बरोबर. पण ईमेलच्या सुरुवातीला 'हाय राहुल' लिहून पुढे स्वल्पविराम देण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे, की तिला कुणी चूक म्हणत नाही. 'डिअर राहुल'मध्ये मात्र स्वल्पविराम नकोच, कारण 'डिअर' इथे विशेषण आहे.

'ओके.' वाचून राग आलाय असं का वाटतं?

हा केवळ मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. त्यातली उत्तरं 'ओके', 'येप' अशी एका शब्दाची होती, काही पूर्णविरामासह, काही त्याशिवाय. टेक्स्ट मेसेजमध्ये पूर्णविराम असलेली उत्तरं विद्यार्थ्यांना कमी मनापासून दिलेली वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत होती, तेव्हा असा फरक दिसला नाही.

कारण समजण्यासारखं आहे. मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं. तरीही कुणी टिंब दिलं, तर ते मुद्दाम दिलंय असं वाचणारा धरून चालतो. समोरासमोर बोलताना चेहरा आणि आवाज असतो. मेसेजमध्ये ते काम चिन्हं करतात.

किती उद्गारचिन्हं द्यायची?

एक पुरे. जुन्या काळी बऱ्याच इंग्रजी टाइपरायटरवर या चिन्हाची वेगळी कळच नसे. आधी ॲपॉस्ट्रॉफी मारायची, एक घर मागे यायचं आणि त्याखाली पूर्णविराम उमटवायचा. एवढे कष्ट असल्यावर माणूस एक देतानाही विचार करत असेल! आता बोट दाबून ठेवलं की दहा उमटतात, आणि दहा उमटली की एकाचीही किंमत राहत नाही.

जवळच्या मित्राच्या नोकरीच्या पोस्टखाली 'वॉव!!!' चालून जाईल. नोकरीचा अर्ज, तक्रार किंवा बँकेला पाठवायचा ईमेल असेल, तर इंटरजेक्शनच टाळा. शोकसंदेशात 'अलास' हा शाळेत शिकलेला शब्दही नको. आजच्या इंग्रजीत तो जुनाट वाटतो आणि अनेकदा थट्टेच्या सुरातच वापरला जातो.

घाईत नियम आठवला नाही, तर मेसेज पाठवण्यापूर्वी मनात मोठ्याने वाचा. तो शब्द तुम्ही ओरडून म्हणाल का? मग उद्गारचिन्ह. हळू म्हणून पुढे बोलत राहाल? मग स्वल्पविराम. आणि समोरचा माणूस दुःखात असेल, तर आवाज खालीच ठेवलेला बरा.