नोकरीसाठी किती द्यायचे?

चतुर्थीला हळर्णला एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. गणपतीपुढे नमस्कार केला, माटोळी पाहिली, ताटात नेवऱ्या आल्या. तेवढ्यात त्याच्या आईने विचारले, "सर, ह्याच्या सरकारी नोकरीसाठी कोणाला भेटायचं? किती द्यावे लागतील?" कॉलेजची फी विचारावी इतक्या सहजपणे! माझी नेवरी हातातच राहिली.

तिला दोष कसा देऊ? नोकरी देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारींवरून २०२४ च्या अखेरीस गोव्यात किती जणांना अटक झाली, ते आपण वाचलेच आहे. पैसे देणारी माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती. कोणी दागिने मोडले असतील, कोणी कर्ज काढले असेल.

जेम्स पेरी आणि लोईस वाईज या अमेरिकेतील अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडले, की लोकसेवेकडे माणसाला ओढणाऱ्या गोष्टी पगाराहून वेगळ्याही असतात. धोरणात सहभागी होण्याची हौस, कर्तव्याची जाणीव, लोकांविषयीचा कळवळा. वर्गात हे शिकवताना मला नेहमी वाटते, कर्ज काढून खुर्ची मिळवणाऱ्याकडे कळवळा उरणार कुठून? दाखल्यासाठी आलेला म्हातारा त्याला हप्त्यासारखा दिसेल.

एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवायला मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. दर खेपेला नवा कागद कमी! पाचव्या वेळी नव्याने आलेल्या लिपिक मुलीने सगळे कागद पाहिले आणि काय काय हवे ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. पाच मिनिटांचे काम. सेवा मुदतीत देण्याचा कायदा गोव्यात २०१३ मध्ये झाला, पण अशी चिठ्ठी लिहून द्यायला कोणता कायदा लावणार?

हे सांगितल्यावर त्या माऊलीलाच आठवले. जुलै २०२१ च्या पुरात तिच्या माहेरच्या घरात पाणी शिरले होते. "तलाठी चिखलातून आला हो पंचनाम्याला. चहासुद्धा घेतला नाही, म्हणाला अजून बरीच घरं बाकी आहेत."

"त्याला नोकरी किती देऊन मिळाली असेल?" मी विचारले. ती हसली, पण तिला पटलेले दिसले नाही.

मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याला म्हटले, २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला आहे, लिपिकाच्या जागांसाठी परीक्षा होते, जाहिरात आली की अर्ज भर. गणिताचा त्याचा पाया कच्चा आहे. दर रविवारी सकाळी माझ्याकडे ये, असे सांगून निघालो.

दारापर्यंत येत आई म्हणाली, "परीक्षा देऊ दे, सर. पण कोणाला तरी भेटून ठेवलेलं बरं, नाही का?"