दख्खनचा 'ट्रॅप' आणि मराठी मुंगूस

कवठे येमाईच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. जगभरचे भूवैज्ञानिक मातीखालच्या या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. शाळेत 'ट्रॅप' म्हणजे सापळा हे पाठ केलेल्या मुलाला इथे कोण अडकले असा प्रश्न पडला, तर तो रास्तच आहे. पण हा 'ट्रॅप' वेगळा. सापळ्याचा 'ट्रॅप' जुन्या इंग्रजीतला, तर खडकाचा स्वीडिश भाषेतून आलेला. त्या भाषेत 'ट्रप्पा' म्हणजे जिना. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झिजले की डोंगराला पायऱ्या पडतात आणि कडा, सपाटी, पुन्हा कडा अशी उतरंड तयार होते. सह्याद्रीच्या अनेक घाटांत ती दिसते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून पसरलेला हा खडक आज जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. त्याला जिन्याचे नाव देणाऱ्याची नजर पक्की होती, यात शंका नाही.

याच कातळात, कवठ्यापासून जवळ, टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधून वाहणाऱ्या कुकडीने रांजणखळगे कोरले आहेत. पुराच्या पाण्यात भोवरा धरतो, खळग्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरतात आणि जात्यासारखा तळ घासत नेतात. हजारो वर्षे हे चालले की माणूस बुडेल एवढे रांजण तयार होतात. इंग्रजीत त्यांना 'पॉटहोल' म्हणतात. हो, रस्त्यावरच्या खड्ड्याचा तोच शब्द! मात्र एकोणिसाव्या शतकात तो खडकातल्या अशा खळग्यांसाठी वापरात होता. रस्त्यांवर तो विसाव्या शतकाच्या आरंभी आला. आपल्याकडे खड्डा आणि रांजणखळगा यांची गल्लत होत नाही, हे मराठीचे भाग्य. रस्त्यांचे भाग्य निराळे.

आता उलट दिशेने गेलेला शब्द. इंग्रजीतला 'मंगूस' म्हणजे आपला मुंगूसच. कोशकार त्याचे मूळ मराठीत दाखवतात, त्यामागे द्रविड भाषांचा धागा असावा असे मानतात आणि वाटेत पोर्तुगीजांचा हात लागला असावा असेही सांगतात. जॉन फ्रायर या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरच्या 1698 सालच्या प्रवासवर्णनात हा प्राणी भेटतो. हाच फ्रायर 1675 मध्ये मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला होता. शब्द त्याला नेमका कुठे मिळाला ते सोडा, पण मुंगसांच्या मुलखातून तो गेला होता एवढे खरे. या शब्दाच्या शेवटी 'गूस' ऐकू येतो; इंग्रजीत 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचे अनेकवचन 'गीस'. म्हणून अनेक इंग्रजही 'मंगीस' म्हणायला जातात. बरोबर रूप 'मंगूसेस'. हंसाशी या प्राण्याचे काही नाते नाही.

नाशिकजवळचे देवळाली तर अख्खे गावच इंग्रजी शब्द बनून गेले. तिथल्या छावणीत गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने रिकामे बसत. त्या कंटाळ्याने डोके फिरलेल्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. हा 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि वेडसर माणसासाठी नुसते 'डूलॅली' उरले.