रॅकेटवरचा चरितार्थ

व्यावसायिक टेनिसपटू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा विम्बल्डनच्या हिरवळीवर चषक उंचावणारा विजेता उभा राहतो, आणि त्याच्या पारितोषिकाची रक्कम वर्तमानपत्रात वाचून हा व्यवसाय म्हणजे वैभवाचा राजमार्गच असावा अशी आपली सहज समजूत होते; परंतु त्या एका विजेत्याच्या पाठीमागे, स्वतःच्या रॅकेटी स्वतः वाहत आणि स्वतःचे कपडे स्वतः धूत, जगभरच्या लहानमोठ्या गावांतून आठवड्यामागून आठवडे हिंडणारे जे सहस्रावधी खेळाडू असतात, त्यांच्या जमाखर्चाची वही आपण क्वचितच उघडून पाहतो. २०२० साली महासाथीने जगाचे सारे व्यवहार ठप्प केले तेव्हा ही वही सर्वांसमक्ष उघडी पडली. त्या वर्षापासून आजपर्यंत या व्यवसायावर जी संकटे कोसळली त्यांचा आढावा घेताना एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते, ती अशी की आपत्तीने टेनिसपटूची असुरक्षितता निर्माण केली नाही. ती मूळचीच होती, आपत्तीने फक्त तिच्यावर प्रकाश पाडला.

या असुरक्षिततेचे मूळ व्यवसायाच्या घडणीतच आहे. फुटबॉल अथवा क्रिकेट खेळणाऱ्यास संघाचा करार असतो, मुशाहिरा असतो, आजारपणात उपचाराची तजवीज असते. टेनिसपटू मात्र जत्रेच्या फडावर उतरणाऱ्या मल्लासारखा असतो. कुस्ती मारली तर इनाम, हरली तर परतीच्या भाड्याचीही विवंचना. विमानाचे तिकीट, निवास, प्रशिक्षकाचे वेतन, रॅकेटच्या गटिंगचा खर्च, हे सर्व आधी पदरचे घालायचे आणि मोबदला मात्र निकालावर अवलंबून ठेवायचा, अशी या धंद्याची वहिवाट आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांची स्पर्धा एकूण १५,००० डॉलर पारितोषिकाची असते. महासाथीच्या सुमारास तिच्या एकेरीतील विजेत्याला आठवडाभराच्या श्रमांबद्दल २,१६० डॉलर मिळत, आणि मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याच्या हाती दोनशे डॉलरही पडत नसत. महासंघानेच २०१३ सालच्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष असा होता की प्रशिक्षकाचा खर्च न धरतासुद्धा पुरुषांत ३३६ व्या आणि स्त्रियांत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास पोहोचल्यावरच खेळाडूची जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होते. जगात अमुक एका कामात तीनशेवा असलेला मनुष्य इतर कोणत्याही क्षेत्रात निष्णात म्हणून गौरविला गेला असता. टेनिसमध्ये तो जेमतेम कर्जाबाहेर असतो.

संकटकाळाची गाठ या खेळाला यापूर्वी पडली नव्हती असे नाही. १९३९ साली घौस महंमद हे विम्बल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. त्यांना पराभूत करणारे बॉबी रिग्ज त्या वर्षीचे विजेते झाले. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या हिरवळीवर कोणीच खेळले नाही. १९४० च्या ऑक्टोबरात सेंटर कोर्टावर बॉम्ब पडून प्रेक्षागाराचा एक कोपरा उद्ध्वस्त झाला, आणि १९४६ पर्यंत स्पर्धा बंद राहिली. ऐन उमेदीची सहा वर्षे ज्या पिढीची अशी युद्धाने गिळली, तिला त्यांची भरपाई कधीच मिळाली नाही. त्या काळी मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच राखीव होत्या. धंदा म्हणून खेळणाऱ्यांना त्यांची दारे उघडली ती १९६८ साली. त्यामुळे पोट टेनिसवर असणाऱ्या खेळाडूंचा संपूर्ण समुदाय एकाच वेळी हातावर हात ठेवून बसला, असा प्रसंग खऱ्या अर्थाने २०२० मध्येच प्रथम उद्भवला.

त्या वर्षीचा फेब्रुवारी महिना पुण्याला आठवत असेल. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात महाराष्ट्र ओपन स्पर्धा नेहमीच्या उत्साहात पार पडली आणि चेक खेळाडू यिर्झी वेसेली विजेता ठरला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुबईत भारतीय महिलांच्या संघाने फेड चषकाच्या प्ले-ऑफ फेरीत प्रथमच प्रवेश मिळवला. पुण्यात जिचा खेळ घडला ती अंकिता रैना आणि पुण्याचीच ऋतुजा भोसले या दोघीही त्या संघात होत्या. हा आनंद दोन दिवसही टिकला नाही. ८ मार्चला अमेरिकेतील इंडियन वेल्सची स्पर्धा खेळाडू गावात दाखल झालेले असतानाच रहित झाली, १२ मार्चला पुरुषांचा दौरा सहा आठवड्यांसाठी स्थगित झाला, सहा आठवड्यांची मुदत वाढत वाढत ऑगस्टवर गेली, आणि १ एप्रिलला विम्बल्डननेही दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच स्पर्धा रद्द केल्याचे जाहीर केले. जागतिक क्रमवारी जागच्या जागी गोठवण्यात आली. ज्याचे स्थान वरचे होते त्याच्या दृष्टीने ते संरक्षण होते. जो तरुण दोनशे-तीनशेच्या घरातून वर चढू पाहत होता त्याच्या पायाखालची शिडीच काढून घेतल्यासारखे झाले.

यानंतर मदतीची जी व्यवस्था झाली ती दोन दृष्टींनी बोधप्रद आहे. विम्बल्डनच्या चालकांनी महासाथीचाही अंतर्भाव असलेला विमा पूर्वीच उतरवून ठेवला होता. या दूरदृष्टीमुळे न झालेल्या स्पर्धेसाठीसुद्धा मुख्य फेरीस पात्र ठरले असते अशा २५६ खेळाडूंना प्रत्येकी २५,००० पौंड आणि पात्रता फेरीतील २२४ खेळाडूंना प्रत्येकी १२,५०० पौंड देणे त्यांना शक्य झाले. दुसरीकडे चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा, पुरुष व महिलांच्या संघटना आणि महासंघ या सर्वांनी मिळून उभा केलेला साहाय्यनिधी सहा दशलक्ष डॉलरहून थोडा अधिक होता आणि तो सुमारे ८०० खेळाडूंत वाटला जावयाचा होता. सरासरी काढली तर माणशी साडेसात हजार डॉलर. ज्या खेळाच्या एका मोठ्या स्पर्धेचा विजेता एकटाच तीस लाख डॉलरहून अधिक नेतो, त्या खेळाची सामुदायिक शिल्लक एवढीच असावी, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी होती.

याच सुमारास अव्वल खेळाडू नोव्हाक जोकोविचने असे सुचवले की वरच्या खेळाडूंनी आपल्या कमाईतून खालच्यांसाठी निधी द्यावा. ऑस्ट्रियाच्या डॉमिनिक थीमने त्यास नकार देताना, कोणताही टेनिसपटू जिवावर उदार होऊन लढतो आहे असे नाही, खरी गरज असलेल्यांना देणे आपल्याला अधिक इष्ट वाटते, अशा आशयाचे मत मांडले. त्याला उत्तर दिले अल्जीरियाच्या इनेस इब्बू या तरुणीने. जिथे एकही व्यावसायिक स्पर्धा होत नाही, सरावासाठी धड कोर्ट मिळत नाही, व्हिसासाठी दारोदार हिंडावे लागते, अशा देशात टेनिसपटू होणे म्हणजे काय, हे तिने एका ध्वनिचित्रफितीतून शांतपणे सांगितले. थीमच्या मतात दुष्टपणा नव्हता. टेनिसच्या संपन्न मध्य युरोपात वाढलेल्या माणसाच्या अनुभवाची ती मर्यादा होती. परंतु इब्बूच्या निवेदनाने वादाचा प्रश्न बदलला. प्रश्न दानधर्माचा उरला नाही, वाटणीचा झाला. त्याच ऑगस्टात जोकोविच आणि कॅनडाचा वासेक पॉस्पिसिल यांनी खेळाडूंची स्वतंत्र संघटना स्थापन केली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

ऑगस्टमध्ये सिसिलीतील पालेर्मोपासून खेळ पुन्हा सुरू झाला, पण तो ओळखू न येण्यासारखा. हस्तांदोलन नाही, टाळी नाही, नाकात सळी घालून घेतलेल्या चाचणीचा निकाल हाच पहिला प्रतिस्पर्धी. न्यूयॉर्कच्या यूएस ओपनमध्ये रिकाम्या प्रेक्षागारात थीम दोन सेट मागे पडून झ्वेरेवविरुद्ध पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये विजयी झाला तेव्हा त्या अद्भुत पुनरागमनाला दाद द्यायला प्रेक्षकच नव्हते. त्या स्पर्धेच्या चालकांनी विजेत्याची रक्कम ३८.५ लाखांवरून ३० लाख डॉलरवर आणली, पण पहिल्या फेरीत हरणाऱ्याची ५८,००० वरून ६१,००० केली. उत्पन्न घटलेले असताना तळाचा वाटा वाढवता येतो हे त्यांनी कृतीने दाखवले. एकेरीची पात्रता फेरी मात्र त्यांनी रद्द केली, आणि जे शे-दोनशे खेळाडू त्या एका आठवड्यावर वर्षाची बेगमी करतात त्यांना त्याची झळ लागली. आपल्या सुमित नागलने याच स्पर्धेत ब्रॅडली क्लानला हरवले. सात वर्षांनी एका भारतीयाने ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मिळवलेला तो पहिला विजय होता.

पुढच्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळचा मेलबर्नचा प्रसंग खेळाडूच्या मनोबलाचे दर्शन अधिक जवळून घडवतो. विशेष विमानांतून आलेल्यांपैकी काही सहप्रवाशांना लागण झाल्याचे उघड होताच ७२ खेळाडूंना हॉटेलच्या खोलीबाहेर चौदा दिवस पाऊल टाकण्याची मनाई झाली. इतरांना मात्र सरावासाठी रोज पाच तास मोकळीक होती. बंद खोलीत पलंगावरची गादी उचलून भिंतीला टेकवावी, तिच्यावर चेंडू मारावा, तो मंदावून परत यावा, आणि पुन्हा मारावा. फोरहँड झाला की बॅकहँड, मग खोलीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पावलांचा सराव. अशा रीतीने जगातील उत्तमोत्तम खेळाडू आपले अंग जिवंत ठेवत होते. या कोंडवाड्यातून सुटून आलेली दोन वेळची विजेती अझारेंका पहिल्याच फेरीत गारद झाली. आणि त्याच कोंडवाड्यातून आलेली जेनिफर ब्रेडी थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. एकाच यातनेचे असे दोन भिन्न परिणाम पाहिले म्हणजे मनोधैर्याचे ठोकताळे बांधणे किती व्यर्थ आहे ते समजते. दोहा येथे घेतलेल्या पात्रता फेरीतून आलेला असलान करात्सेव, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आयुष्यातील पहिलीच ग्रँड स्लॅम मुख्य फेरी खेळत असताना, उपान्त्य फेरीपर्यंत गेला. पात्रता फेरी ठेवली म्हणून करात्सेव दिसला. न्यूयॉर्कला ती नव्हती, तेथे असे किती करात्सेव घरी बसले असतील?

महासाथ ओसरते न ओसरते तोच युद्धाने डोके वर काढले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाले तेव्हा तेथील टेनिसपटू डायाना यास्त्रेम्स्का ओडेसातील भूमिगत वाहनतळात कुटुंबासह आश्रय घेऊन होती. आईवडिलांनी तिला आणि तिच्या लहान बहिणीला डॅन्यूबपार रुमानियात धाडले. तेथून ती फ्रान्समधील लियों येथे पोहोचली आणि आठवड्याभरात तेथील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उभी राहिली. ती हरली, आणि मिळालेले पारितोषिक तिने आपल्या देशबांधवांसाठी दिले. सर्गेई स्ताखोव्स्की हा माजी खेळाडू तर रॅकेट ठेवून कीव्हच्या रक्षणासाठी बंदूक घेऊन उभा राहिला. त्या उन्हाळ्यात विम्बल्डनने रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना मज्जाव केला, आणि त्याला उत्तर म्हणून दोन्ही व्यावसायिक संघटनांनी त्या स्पर्धेचे क्रमवारीतील गुणच काढून घेतले. राजकारणाच्या या साठमारीत ज्या शेकडो खेळाडूंचा कोणत्याही पक्षाशी संबंध नव्हता, त्यांचीही वर्षभराची पुंजी पणाला लागली.

आपत्तीचे नाव निघून गेले तरी सामान्य खेळाडूच्या घरात ती कशी वस्तीला राहते, याचे उदाहरण सुमित नागलनेच सप्टेंबर २०२३ मध्ये दिले. देशातला अव्वल एकेरी खेळाडू असूनही आपल्या खात्यात जेमतेम ९०० युरो, म्हणजे सुमारे ८०,००० रुपये, उरले असल्याचे त्याने उघडपणे सांगितले. एका प्रशिक्षकासह दौरे करण्याचा त्याचा वर्षाचा खर्च एक कोटी रुपयांच्या घरात जात होता, आणि नोकरीचा पगार व महा टेनिस फाउंडेशनचे साहाय्य मिळूनही त्याची मिळवणी होत नव्हती. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीतून वर येऊन त्याने मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये नमवले. १९८९ साली रमेश कृष्णन यांनी विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला नमवणारा तो पहिला भारतीय पुरुष होता. पुढील महिन्यात तो पहिल्या शंभरात आला. हे यश पाहून हालअपेष्टांनीच खेळाडू घडतो असा निष्कर्ष काढणे मात्र क्रूरपणाचे होईल. जो एक टिकला तो आपल्याला दिसला; जे टिकले नाहीत त्यांची नावेही आपल्यापर्यंत आली नाहीत.

सुदैवाने संकटाने काही शहाणपण शिकवले आहे. पुरुषांच्या संघटनेने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी लागू केली. त्या वर्षी ती अशी होती: पहिल्या शंभरांस तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ यांस दीड लाख, आणि १७६ ते २५० यांस ७५,०००; शिवाय दुखापतग्रस्तांसाठी वेगळी तरतूद. व्यावसायिक टेनिसच्या इतिहासात हे पाऊल क्रांतिकारक म्हणावे लागेल. तथापि ही हमी २५० वर थांबते, आणि तोंडमिळवणीची खरी ओढाताण तर तेथूनच पुढे सुरू होते. हमीची रेषा निदान चारशेपर्यंत खाली नेणे आणि प्रत्येक मोठ्या स्पर्धेने विम्बल्डनने तेव्हा केले त्याप्रमाणे आपत्तीच्या विम्याची वहिवाट स्वीकारणे, हे दोन उपाय आजच्या उत्पन्नात अशक्य नाहीत.

आपल्या महाराष्ट्रानेही या बाबतीत केवळ प्रेक्षक राहू नये. २०२३ नंतर महाराष्ट्र ओपन पुण्यातून गेली, ही खेदाची गोष्ट खरी. परंतु पुण्यातील चॅलेंजर, मुंबईतील महिलांची स्पर्धा, आणि सोलापूर, नागपूर, नवी मुंबई येथे अलीकडे झालेल्या महासंघाच्या लहान स्पर्धा यांचे मोल त्या एका मोठ्या स्पर्धेहून उणे नाही, कारण क्रमवारीतले पहिले गुण आपल्या तरुणांना परदेशी तिकीट न काढता मिळतात ते येथेच. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासमवेत २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. अशा यशाची बेगमी घराजवळच्या लहान स्पर्धांतूनच होत असते. सरकारने आणि उद्योगपतींनी पदक मिळाल्यावर हार घालण्याऐवजी पदकापूर्वीच्या पाच वर्षांचा खर्च उचलावा, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एक तरी अशी स्पर्धा भरवावी, आणि वाचकांनीही आपल्या गावात ती भरली तर अंतिम सामन्याची वाट न पाहता पहिल्या फेरीच्या सकाळी जाऊन बसावे. रॅकेटवर चरितार्थ चालवणाऱ्याला आपल्या पाठिंब्याची सर्वांत अधिक गरज त्याच दिवशी असते.