जुन्या घाटाची फटफटी

अठरा वर्षें पुरीं होऊन परवाना हातीं येण्याचा अवकाश, कीं पुष्कळ तरुणांस जुन्या घाटाच्या, एका सिलिंडरच्या मोटारसायकलीचा मोह पडतो. वाटोळा दिवा, थेंबासारखी पेट्रोलची टांकी. रूप बहुतेकींचें सारखेंच. म्हणून आधीं पोटांतील यंत्र पाहावें, असें आम्ही सुचवितों.

२०२१ सालीं नव्यानें निघालेल्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० मध्यें सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, तर दट्ट्याची धांव ८५.८ मिलिमीटर आहे. अशी लांब धांवेची गाडी थोडक्या फेऱ्यांतच जोर धरते. चढावर वारंवार गिअर बदलावा लागत नाहीं. उलट, २०२३ सालीं चाकणला बजाजच्या कारखान्यांत तयार होऊं लागलेल्या ट्रायंफ स्पीड ४०० चा व्यास ८९ व धांव ६४. शक्ति जवळजवळ दुप्पट. पण ती पूर्ण प्रकटते मिनिटास ८००० फेऱ्यांवर. दिसावयास दोघी बहिणी; एक सोशिक, दुसरी तल्लख! नवशिक्यास आम्ही पहिलीच सुचवूं.

वजनाचाही विचार हवा. क्लासिक १९५ किलोंची. तेंच यंत्र असलेली २०२२ ची हंटर १८१ किलोंची. उतारावर गाडी मागें ढकलावी लागली म्हणजे हे चौदा किलो कळतात. दोन्ही पाय जमिनीस नीट टेकतात काय, हें बसून पाहावें, रंग मागाहून.

ओल्या डांबरावर ब्रेक दाबतांच चाक जखडूं नये म्हणून ए.बी.एस. असतें. कांहीं स्वस्त प्रकारांत तें पुढच्याच चाकास बसविलेलें असे. वापरलेली गाडी घेतांना पालकांनीं हें अवश्य विचारावें. मागें आई बसावयाची असेल, तर तिलाही दुकानांत न्यावें. कित्येक गाड्यांची मागची बैठक केवळ शोभेपुरती असते.